सायरबाई हिरव्यावर उतरल्या

कोनाड्यात एक लाल लाकडी चाक. एकच.

उकळून गार केलेल्या पाण्याची तपेली, तिच्यावर फडकं.

चौमासात हिरव्यावर पाय द्यायचा नाही. गवतात जीव असतो, गवताखाली चालणाऱ्यांतही असतो.

पांढऱ्या पिसाला डाग दिसला की गिऱ्हाईक पक्ष्याला हात लावत नाही.

शुक्रवारी मागचं दार बंद.

"जीव सरकवले का गं?"

हा शेवटचा प्रश्न सायरबाईंचा. सावद्यातल्या त्यांच्या घरामागे ओटा होता, ओट्यापुढे गवताचा रिकामा तुकडा, आणि तुकड्यावर सुगराबीचं खुराडं. खुराड्याला तळ नव्हता. चार फळ्या, वर जाळी, मागे दोन लहान लाल चाकं, पुढे दोरी. सुगराबी रोज सकाळी ते त्याच्या लांबीइतकं पुढे ओढायची. आत सरकारी केंद्रातून आणलेले पांढरे पक्षी. ते खाली उरलेल्या घाणीतून नव्या गवतावर जायचे आणि किडे टिपायला लागायचे. मागच्या जागेवर सुगराबी राख भुरभुरवायची. पक्षी पांढरे राहायचे, त्यांचे पाय पिवळेजर्द.

सायरबाई ओट्यावरून हुकूम सोडायच्या.

"हळू. मागच्याचा पाय फळीखाली येईल."

"माय, तुमी खाली येऊन ओढून पाहा ना एकदा."

"मी? माझ्यासाठी हा ओटाच बरा."

"मंग बसा वरती कलेक्टरावानी!"

सायरबाई कोंबडी हा शब्द उच्चारत नसत. त्या 'जीव' म्हणत. ते कुठे जातात हे त्यांना ठाऊक होतं. शुक्रवारी उजाडायच्या आत सुगराबी टोपलं घेऊन नाल्याच्या बाजूने निघायची, दीपनगरला. तिचा नवरा रमजान तिथे बांधकामावर सुतार होता आणि कँटीनवाल्याशी बोलणं त्यानेच जमवलं होतं. त्या दिवशी सायरबाई मागचं दार उघडत नसत. हे दोघींनी ठरवलं नव्हतं, पण तसं चाललं होतं.

जागा सायरबाईंच्या सासरची. शब्द दिराचा, रिखबचंदांचा. गल्लीतल्या लोकांनी कुरकुर केली तेव्हा ते ओट्यावर उभे राहून म्हणाले होते, "भाभीसा, तुमच्या शब्दाखातर राहू देतो. पण ज्या दिवशी वास येईल, त्या दिवशी खुराडं उचलायचं."

सुगराबीला दुसरं गवत नव्हतं. आजूबाजूला सगळ्या केळीच्या बागा, आणि बागेत कोंबड्या कोण सोडू देणार?

पर्युषण आलं. सायरबाईंनी अठाई धरली. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. त्या आठवड्यातला शुक्रवार सुगराबीने आपणहून सोडला. टोपलं निघालं नाही. पक्षी खुराड्यातच राहिले, वाढले, दाटीवाटीने बसायला लागले. एक दिवस सरकवायचं राहिलं तर काय होईल, हे दोघींनाही कळत होतं.

आठवा दिवस संवत्सरीचा, सगळ्यांची क्षमा मागायचा. रात्री पाऊस झाला आणि सकाळी सुगराबी आली नाही.

शेजारची भिकुबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "हिव भरलंय तिले. तीन गोधड्या टाकल्या, तरी दात वाजता."

सायरबाई ओट्यावर बसून राहिल्या. खुराड्याखाली चिखल आणि विष्ठा एक झाली होती. पक्षी एका कोपऱ्यात उंच जागा शोधत एकमेकांवर चढत होते. एकाचं पोट पार काळं झालं होतं. ऊन चढलं तसा वास उठला. पहिल्यांदा ओट्यापर्यंत आला, मग दारापर्यंत. रिखबचंद स्थानकातून महाराजांचं व्याख्यान ऐकून भाभीची साता, उपासातली खुशाली, विचारायला येणार होते.

सायरबाईंनी आतून पूंजणी आणली. लोकरीची, मऊ. किडामुंगीला इजा न होता बसायची जागा झाडायची ती.

ओट्याची खालची पायरी. मग गवत.

एक पाऊल झाडून. मग पाऊल. पुन्हा झाडून. भिंतीला, मग जाळीला धरून.

खुराड्याच्या पुढची सगळी जागा त्यांनी पूंजणीने झाडून काढली. मुंग्या गेल्या, नाकतोडे उडाले, एक गोगलगाय त्यांनी पानावर उचलून बाजूला ठेवली. मग त्यांनी दोरी धरली. ओढलं. हललं नाही. आठ दिवसांच्या उपाशी हातांत काय असणार! दोरी कमरेला गुंडाळून त्या मागे रेलल्या. लाल चाकं चिखलातून सुटली. सायरबाई मागच्या फळीकडे बघत, थांबत, "चला, चला रे," म्हणत मागे मागे येत राहिल्या आणि पक्षी चालत चालत स्वच्छ हिरव्यावर आले.

त्यांनी गवतात चोची मारल्या. काहीच मिळेना. माना वाकड्या करून ते सायरबाईंकडे बघायला लागले.

मागच्या जागेवर त्यांनी चुलीतली राख टाकली. काळ्या पोटाच्या पक्ष्याला ओल्या फडक्याने पुसलं. तो हातात होता तेव्हा त्याचं काळीज त्यांच्या तळव्याला लागत होतं. तपेलीतलं उकळलेलं पाणी त्यांनी पक्ष्यांच्या परळात ओतलं. तेवढंच उकळलेलं होतं.

रिखबचंद आले. ओट्यावर उभे राहिले, नाकाने हवा घेतली.

"आज ती बाई आजारी आहे म्हणे?"

"हो."

मग त्यांची नजर खाली गेली. "भाभीसा, तुमचे पाय."

पायांना गवत चिकटलं होतं. बोटांच्या बेचक्या हिरव्या.

"हिरव्यावर उतरलात? संवत्सरीला?"

"महाराजांकडे प्रायश्चित्त घेईन. जे सांगतील ते. पण तिची जागा काढू नका."

रिखबचंदांनी खुराड्याकडे पाहिलं, पुन्हा एकदा हवा घेतली.

"वास आला तर काढायची असं म्हणालो होतो मी," ते म्हणाले. "आज वास नाही." आणि चपला घालून गेले.

संध्याकाळी, सायरबाई प्रतिक्रमणाला बसायच्या आधी, सुगराबी गोधडी पांघरून धडपडत आली. खुराडं पुढे. मागे राखेची चौकट, तिच्यापेक्षा नीट घातलेली.

"कोनी सरकवलं, माय?"

सायरबाईंनी हात जोडले. "खमत खामणा, सुगरा. काही चुकलं असेल तर माफ कर."

"या खुदा, तुमी काबरं माफी मांगता?"

"तुझ्या जिवांच्या तोंडचे किडे मी झाडून टाकले. दिवसभर ते उपाशी, मी पण उपाशी."

सुगराबी हसली. दात वाजत होते तशीच हसली. "मंग त्यायची बी अठाईच झाली म्हना!"

सायरबाई वळल्या. खुराड्याकडे तोंड करून, जोडलेले हात तसेच ठेवून, वाकल्या. "खमत खामणा."

उद्या शुक्रवार होता. सुगराबीने मान फिरवली आणि केळीच्या बागेकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सुगराबीचा ताप उतरला नव्हता. रमजान आदल्या रात्री घरी आला होता, टोपलं त्याने नेलं. मागचं दार बंद होतं. ऊन चढल्यावर ते उघडलं. खुराड्यात थोडेच पक्षी उरले होते. सायरबाईंनी खुराडं सरकवलं. या वेळी त्यांनी पुढची जागा झाडली नाही. सावकाश पाय ठेवत गेल्या, एवढंच.

ती दोन लाल चाकं सायरबाईंनीच दिली होती, खुराडं बनत होतं तेव्हा. रमजानने घेतली, कुठली ते विचारलं नाही.

भुसावळच्या बाजारातून १९५१ साली आणलेल्या त्या पांगुळगाड्याला तीन चाकं होती. त्याला धरून कोणी चाललं नाही.