गुडघ्यातली गादी

आनंदीबाई दीक्षितांना जगात फारशी कुणाची अक्कल पटत नसे. सगळी नोकरी मुलींच्या शाळेत गणित शिकवण्यात गेली होती. त्यामुळे समोरचा माणूस चुकणारच, हे गृहीत धरूनच त्या त्याचं बोलणं ऐकायला बसत.

मार्चमधल्या एका सकाळी त्या पर्वती उतरत होत्या. मागून एक गृहस्थ मोबाइलवर मोठ्यानं भजनं लावून येत होते. "अहो, देव बहिरा नाहीये," हे सुनावायला आनंदीबाई गर्रकन वळल्या. धड वळलं, पाऊल पायरीवरच राहिलं आणि उजव्या गुडघ्यात काहीतरी कट्कन वाजलं. गृहस्थांनी भजन बंद केलं, एवढंच काय ते पदरात पडलं.

संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. त्यांचे यजमान श्रीनिवासराव यांनी बर्फाची पिशवी आणून दिली आणि ते गप्प बसले. या घरात टिकायचं तर एवढं शहाणपण लागतंच. सोसायटीतल्या लोकांना मात्र ते नव्हतं. कुणी तेल आणलं, कुणी काढा सांगितला, एका बाईंनी लोहचुंबकाचा पट्टा आणून दिला.

"चुंबकानं सांधे बरे होत असते," आनंदीबाई म्हणाल्या, "तर माझ्या फ्रिजचं दार इतकं कुरकुरलं नसतं."

मुलगा सलिल आणि सून ऋतुजा खराडीला राहायचे. ते आईला आपल्याकडच्या नव्या हॉस्पिटलात घेऊन गेले. हॉस्पिटल कसलं, विमानतळच तो. शिरल्या शिरल्या कॉफीचं दुकान. डॉक्टर केदार राजवाडे तरुण, चकचकीत, घाईत. एमआरआय पडद्यावर होता आणि त्यांची नजरही तिथंच.

"मेनिस्कस टेअर आहे. गुडघ्याच्या हाडांमध्ये कूर्चेची गादी असते, ती फाटलीय. दुर्बिणीतून फाटका भाग काढून टाकू. दुसऱ्या दिवशी घरी."

"गुडघा बघणार आहात, की फोटोच?"

"एमआरआयमध्ये सगळं दिसतं, आई."

"मी तुमची आई नाही," आनंदीबाई उठल्या. "आणि माझ्या वयाची कुठलीही धडधाकट बाई त्या नळकांड्यात घाला, तिचीही गादी कुठे ना कुठे फाटकी निघेल. तिचीही काढणार?"

पुढचा महिनाभर हा किस्सा प्रत्येक नातेवाइकानं ऐकला. त्या हॉस्पिटलाला त्यांनी 'कापाकापीचं दुकान' असं नाव ठेवलं. सगळ्यात जास्त हसायचा तो सलिल.

मग त्या टिळक रस्त्याजवळ डॉक्टर शेफाली मराठ्यांकडे गेल्या. या बाईंनी आधी गुडघा दाबला, वाकवला, फिरवला, जिन्यावरून चालायला लावलं आणि मग फोटो पाहिला.

"झिजून फाटलीय. पण गुडघा पूर्ण सरळ होतोय, मध्ये अडकत नाही. अशा फाटण्यात ऑपरेशन करून व्यायामापेक्षा जास्त फायदा सहसा होत नाही. तीन महिने मांडीचे स्नायू बळकट करा. दुखलं तर गोळी, फारच दुखलं तर इंजेक्शनचा विचार करू. मात्र गुडघा अडकून बसला, सरळच होईना, तर वाट बघायची नाही. लगेच यायचं."

"म्हणजे औषध असं काही नाहीच."

"आहे ना. पण ते तुम्हालाच करावं लागेल."

व्यायाम शिकवायला सलोनी नावाची मुलगी होती. पाय वीतभर उचलला की "सुपर, आजी!" म्हणायची. "एवढ्याला सुपर म्हटलंस, तर खेळाडूंसाठी शब्द उरतील का?" असं विचारून आनंदीबाईंनी तिचा उत्साह जरा आवरला. पण गृहपाठ चुकवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मे संपेपर्यंत कठडा न धरता जिना उतरता यायला लागला.

आणि मग त्यांच्या तोंडाला काही धरबंधच राहिला नाही. "ऑपरेशन म्हणजे आळशी माणसाचा व्यायाम," हे त्यांचं वाक्य सलिलनं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. त्यावर अंगठे पडले.

जूनमधल्या एका रविवारी सलिल आणि ऋतुजा जेवायला आले. सलिल लंगडत आत आला आणि डावा पाय वाकवलेलाच ठेवून खुर्चीत टेकला.

"हे काय?" आनंदीबाईंनी विचारलं.

"काही नाही गं. टर्फवर फुटबॉल खेळताना मुरगळला."

"काही नाही काय?" ऋतुजा म्हणाली. "पंधरा दिवस झाले, आई. डॉक्टर राजवाड्यांनी बघितलं. फाटलेली गादी सांध्यात अडकलीय, लवकर ऑपरेशन केलं तर शिवता येईल म्हणाले. हा ऐकायलाच तयार नाही."

"कापाकापीचं दुकान आहे ते," सलिल हसत म्हणाला. "आईचेच व्यायाम करतोय मी."

"पाय सरळ कर," आनंदीबाई म्हणाल्या.

"होत नाहीये."

"होत नाही म्हणजे?"

"एवढाच येतो. पुढे अडकतो."

आनंदीबाई वाढायच्या थांबल्या. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, की ते किती बिनडोक आहे ते कळतं. त्या घाबरल्या, आणि घाबरल्या की त्या नेहमी जे करत तेच त्यांनी केलं.

"गाढवा! माझी गादी म्हणजे झिजलेलं पायपुसणं. त्याला कुणी टाके घालत नाही. तुझी धडधाकट होती, ती ताजी फाटलीय आणि तिचा तुकडा आत जाऊन बसलाय. दाराच्या फटीत चप्पल अडकली, तर तू दाराला व्यायाम करायला लावतोस का?"

"पण तूच म्हणाली होतीस..."

"मी माझ्या गुडघ्याबद्दल बोलत होते! पुण्यातल्या समस्त गुडघ्यांचा मक्ता घेतला नव्हता."

आमटी निवत राहिली.

"बोलताना मात्र तसंच बोलले," आनंदीबाई हळू म्हणाल्या. "उद्या सकाळी जायचं. मी येतेय."

सोमवारी डॉक्टर राजवाड्यांनी सलिलला आडवं केलं आणि दोन्ही हातांनी गुडघा नीट तपासला.

"हात लावता तर," आनंदीबाई म्हणाल्या.

"तुम्ही येऊन गेल्यापासून लावतो."

उत्तर त्यांना आवडलं, पण चेहऱ्यावर त्यांनी तसं काही येऊ दिलं नाही. उशीर झाल्यामुळे कडा कुरतडल्या गेल्या असतील, डॉक्टर म्हणाले. शिवता येईल तेवढं शिवू, नाही येणार तेवढं काढू.

"माझ्या वेळी तुमचं चुकलं होतं," आनंदीबाई म्हणाल्या.

"असेल."

"आज बरोबर आहे." हे वाक्य उच्चारताना दाढ काढल्यासारखं त्यांना दुखलं.

ऑपरेशन चाललं असताना श्रीनिवासरावांनी खालच्या दुकानातून कॉफी आणून दिली. ती पाणचट आणि कोमट होती. आनंदीबाईंनी ती मुकाट्यानं संपवली, तेव्हा श्रीनिवासरावांना पहिल्यांदा खरी काळजी वाटली.

बरीचशी गादी शिवता आली, मागचा एक तुकडा काढावा लागला. काही आठवडे कुबड्या, मग महिनोन्‌महिने व्यायाम, फुटबॉल तूर्तास बंद. लवकर आलो असतो तर तोही तुकडा वाचला असता का, असं ऋतुजानं विचारलं. "सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. आनंदीबाईंना ते उत्तर 'हो'पेक्षा वाईट वाटलं.

सप्टेंबरात श्रीनिवासरावांची सत्तरी झाली. घरात भारतीय बैठकीची पंगत मांडली होती आणि सलिल एकटा खुर्चीत बसला होता. साताऱ्याहून आलेले सलिलचे मामा बुंदीचा लाडू फोडत म्हणाले, "काय रे, बापाची सत्तरी आणि खुर्चीत मुलगा? आजकालच्या पोरांना जरा कुठं खुट्ट झालं की लगेच ऑपरेशन!"

सलिल कसनुसा हसला. आनंदीबाई तूप वाढत होत्या.

"त्याला खुर्चीत मी बसवलंय," त्या म्हणाल्या. "काय झालं ते माहीत नसताना मीही असंच बोलले होते. तुम्ही भात घेताय, की अजून काही मतं आहेत?"

मामांनी भात घेतला.