हलका हात

आमचे हे न्हावी. जन्मभर गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहून आरशात बघत काम केलेलं. "मान वळवा" म्हणायची यांना सवयच नाही. कानशिलाला दोन बोटं लावली की डोकं आपसूक वळतं. हात इतका हलका की गिऱ्हाइकं खुर्चीतच घोरायची. मी एकदा हौसेनं यांची दाढी करायला गेले तर म्हणाले, तुझा हात जड आहे. तो राग मी जपून ठेवला होता.

यंदा यांच्या डाव्या कानात नागीण उठली आणि नसांवाटे घशापर्यंत पोचली. गाल लुळा पडला, आवाज बसला, पाण्याचा घोटसुद्धा श्वासनळीत जायला लागला. नाकातून नळी घातली. डॉक्टर म्हणाले, पुढच्या तपासणीपर्यंत गिळता आलं नाही तर पोटाला भोक पाडून नळी बसवू. दुसऱ्यांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणारा हा माणूस ते ऐकून पांढराफटक पडला. मीही घाबरले होते, म्हणून दिसेल त्याच्याशी भांडत सुटले.

थेरपिस्टबाईंनी गिळायची एक युक्ती शिकवली होती. घट्ट केलेल्या पाण्याचा अर्धा चमचा घ्यायचा, मान दुखऱ्या बाजूला, म्हणजे डावीकडे वळवायची आणि मग गिळायचं. दवाखान्यात त्या स्वतः हनुवटी धरून वळवायच्या. घरी मी समोर बसून, मी करते तसं करा, म्हणत मान वळवून दाखवायची. हे मन लावून वळवायचे, आणि दर वेळी ठसका. मी चिडायचे, मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायचे.

एका दुपारी वैतागून म्हटलं, चला, दुकानात तरी बसू. यांना यांच्याच खुर्चीत बसवलं आणि मी मागे उभी राहिले. चमचा दिला, यांनी रोजच्या सवयीनं मान वळवली, आणि आरशात मला दिसलं: लुळा गाल एकीकडे, मान भलतीकडे. समोरचं माणूस म्हणजे आरसा, हे यांच्या हाडीमांसी मुरलेलं. मी डावीकडे वळले की हे उजवीकडे वळत होते, आणि मी शहाणी मान डोलवत होते.

ठसका थांबू दिला. नवा चमचा भरवला, उजव्या कानशिलाला दोन बोटं लावली आणि हळूच ढकललं. मान वळली. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. ठसका लागला नाही.

पुढे तपासणीत पोटातली नळी टळली. त्या दुपारी मात्र हे आरशातून माझ्याकडे बघतच राहिले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हात हलका आहे गं तुझा."

मला रडू फुटलं. तशीच चमचा भरत म्हटलं, "हलू नका. अजून एक घ्यायचाय."