मुठीत राहिलेला चिंचोका

मी चिंचोका बोलतोय. हसू नका, गावाचा सरकारी पैसा कुठं खर्चावा हे ठरवायला मी गेलेलो आहे, आणि त्याचा मला थोडा ताठाही आहे.

बोरीच्या अलीकडच्या एका गावात चिंच फोडताना मी पाटीत पडलो. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या धम्मशीला मॅडमनी मला धुऊन डब्यात भरलं. त्यांच्या पुस्तकातलं मॉडेल सांगतं, की सरकारी खर्च शेवटी ना या टोकाच्या ना त्या टोकाच्या, अशा मधल्या माणसाच्या मनासारखा वाटला जातो. पण ग्रामसभेत हात वर करायचे म्हटलं, की सगळ्यांचे डोळे सरपंचांकडे! मधल्या माणसाचं मन दिसणार कसं?

म्हणून मॅडमनी त्याच गावच्या ग्रामसभेत पडद्याआड तीन गाडगी मांडली. एक गावच्या कमानीचं, एक शेताकडं जाणाऱ्या पांदण रस्त्याचं, एक शाळेतल्या मुलींच्या संडासाच्या पाण्याचं. प्रत्येकाला पाच चिंचोके, हवे तिथं टाका. कमानीची हौस सरपंच आबासाहेबांची. तरी निकाल मानायचं त्यांनी कबूल केलं.

मी सुलाबाईंच्या वाट्याला आलो. त्यांची नात नीलम पाण्याअभावी दर महिन्याला शाळा बुडवायची. आता तर शाळाच सोडते म्हणत होती. माझे चार सोबती पाण्याच्या गाडग्यात गेले. मी मुठीतच राहिलो.

मोजणीत कमान थोडक्यात पुढं गेली, आणि सुलाबाईंचं तोंड एवढंसं झालं. पण एकूण चिंचोके कमी भरत होते. मॅडमनी विचारलं तशा बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"देताना हात समदा रिकामा करीत न्हाईत, मॅडम," सुलाबाई म्हणाल्या. "दाणे देताना बी आमी सुपात चार मागं ठिवतोत."

बघता बघता पदरांच्या गाठी सुटल्या. बहुतेकींकडे एकेक चिंचोका निघाला. आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

"त्येंचेच हायेत. टाकू द्या," ते म्हणाले.

बायका पुन्हा पडद्याआड गेल्या. सुलाबाईंनी मला कपाळाला लावलं आणि सोडलं. पाण्याचं गाडगं जिंकलं. आबासाहेब जरा खट्टू झाले, पण नळाचं काम त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलं.

आता मी मॅडमच्या टेबलावर सुखात आहे. पुढच्या आठवड्यात पोखर्णीच्या ग्रामसभेला जायचंय. कधी तुमच्या हाती आलो तर एवढंच करा, मला मागं ठेवू नका. तुमच्याही घरी एखादी नीलम दप्तर भरून शाळेत पाणी येण्याची वाट बघत बसलेली असेल.