इंद्रभानच्या नावेचा दांडा

मित्रांनो, मच्छीमार सोसायटीच्या खोलीचं दार आतून बंद करायला जो आडवा दांडा लावतात ना, तो मी. हल्ली सगळे मला अडसर म्हणतात आणि मीही निमूट अडकून बसतो. पण माझा जन्म काही दार अडवायला झालेला नाही. मी एका नावेच्या सुकाणूचा दांडा आहे. जुना आहे, बाभळीचा आहे आणि स्वभावानं थोडा तिरसट आहे. तेवढं सांभाळून घ्या.

आपलं महाराष्ट्र राज्य होऊन पाचसहा वर्षं झाली असतील. बुलढाणा जिल्ह्यात एक नवं धरण झालं, पाणी तुंबलं आणि नदीकाठचे भोई आपली जाळी घेऊन धरणावर राहायला आले. त्यांच्यात इंद्रभान होता आणि त्याची बायको मनकर्णाबाई होती. सोसायटीनं इंद्रभानसाठी नाव बांधायला घेतली तेव्हा वडनेर भोलजीचे किसनराव सुतार आले. त्यांनी बांधावरची वाळलेली बाभूळ निवडली, मला तासलं, रंधा मारला, तेल पाजलं आणि इंद्रभानच्या हातात दिलं.

"बाभूळ हाये बे," किसनराव म्हणाले, "मोडाची नाही. धरनाऱ्याचा हात मोडंल एखांद्या वेळी!"

सगळे खो खो हसले. मलाही तेव्हा मोठा अभिमान वाटला.

सुकाणू म्हणजे नावेच्या मागच्या टोकाला पाण्यात उभी टांगलेली फळी. त्या फळीच्या माथ्यावर मला बसवलं. मला डावीकडे लोटलं की नाव उजवीकडे वळायची. नावेच्या मधोमध लाकडी पेटीत मासेखात्यानं दिलेलं डिझेलचं इंजिन होतं. काय त्याचा आवाज सांगू! शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. इंद्रभान मागच्या फळीवर बसायचा, मला उजव्या काखेत धरायचा, आणि त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून मनकर्णाबाई जाळं पाण्यात सोडत जायची. जाळ्याच्या खालच्या दोराला दगड बांधलेले असायचे. ते एकेक करून हातातून सुटायचे आणि बुडायचे.

बोलणं ऐकू येत नाही म्हणून त्या दोघांनी एक युक्ती काढली होती. मनकर्णाबाई माझ्यावर तळहातानं थाप मारायची. एक थाप म्हणजे चालू द्या. दोन थापा म्हणजे थांबा, जाळं अडकलं. ती थाप माझ्या अंगातून थेट इंद्रभानच्या काखेत पोचायची आणि तो तिकडे न पाहताही इंजिन बंद करायची दोरी ओढायचा. घरी भांडण झालेलं असलं तर थाप जरा जोरातच बसायची. मग इंद्रभान गालातल्या गालात हसायचा आणि मार मात्र मला! तरी खरं सांगतो, त्या वर्षांइतकं सुख मला पुन्हा मिळालं नाही. दुसऱ्या गावचे भोई येऊन बघायचे आणि म्हणायचे, नवरा-बायको तोंड न उघडता नाव चालवतात.

पण मी ताठ. पाण्याचा सगळा रेटा मी इंद्रभानच्या खांद्यावर टाकत होतो. चार वर्षांत त्याचा उजवा खांदा धरला. सदऱ्याच्या बाहीत हात जाईना. मनकर्णाबाई रोज घरी तेल कोमट करून चोळायची आणि सकाळी तोच खांदा पुन्हा माझ्याशी झुंजायला यायचा. किसनरावांची थट्टा खरी झाली होती. मी मोडलो नाही, त्याला मोडत होतो.

त्याच सुमारास सोसायटीचे सेक्रेटरी माणिकराव एक बातमी घेऊन आले. मासेखातं एका नावेला चाक बसवून देणार होतं. इंजिनाच्या पुढे बसायला पाट, समोर मोटारीसारखं चाक, आणि चाकापासून काठाकाठानं तारा थेट मागच्या सुकाणूपर्यंत. बोटानं फिरवलं तरी नाव वळणार. हो की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

"इंद्रभान, नशीब काढलं बे!" माणिकराव म्हणाले. "आता ड्रायव्हरसारखा ऐटीत बसशीन."

इंद्रभाननं मान हलवली. "नाही जमाचं, माणिकभाऊ. मंधात इंजिन, मी पुढं, अन् मनकर्णा मागं. माह्यी पाठ तिच्याकडं. तिनं थाप कुठं माराची?"

"अरे, साऱ्या जगात चालवनारा पुढंच पाह्यते."

"त्याइच्या मागं कोनी जाळं सोडते काय?"

माणिकराव मान हलवत उठून गेले. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बरं झालं, म्हटलं, ते चकचकीत चाक तिकडेच राहू दे.

रविवारी मनकर्णाबाईनं निकाल लावला. नाव किनाऱ्याला लागली होती आणि इंद्रभानला हात टेकून उठता येत नव्हतं. ती त्याला बगलेत धरून उठवत म्हणाली, "चाक लावा म्हना त्याइले."

"काऊन व? तुले मागं एकटं बसा लागंल."

"मंग काय होते? खांदा राह्यला त हात राहीन, हात राह्यला त पोट राहीन. मी हाये ना मागं."

त्यानं होकाराची मान डोलावली. मग म्हणाला, "हाव. तू म्हनतं त लावतो."

चाक आलं. मित्रांनो, मी खोटं बोलणार नाही, मला त्याचा भयंकर राग आला. मला सुकाणूवरून उपटून मागच्या फळीखाली आडवं बांधून ठेवलं. तार तुटली तर कामी येईल म्हणे. लोकांनी इंद्रभानला हार घातला, फोटो काढला. आणि मी खाली पडल्या पडल्या रोज मनात म्हणायचो, एकदा तरी फजिती होऊ दे त्या चाकाची. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

थापेच्या जागी त्यांनी एक दोरी घेतली. एक टोक मनकर्णाबाईच्या मनगटाला आणि दुसरं इंद्रभानच्या उजव्या दंडाला, कारण इंजिनाची पेटी ओलांडून दोरी त्याच बाजूनं नीट जायची. एक हिसका म्हणजे चालू द्या. दोन हिसके म्हणजे थांबा. दोन महिने सगळं सुरळीत चाललं. इंद्रभान पुढे बघत तिच्याशी बोलत राहायचा, तिचं उत्तर मात्र इंजिनापलीकडे पोचायचं नाही. फक्त दर हिसक्याला इंद्रभानचा खांदा वर उडायचा, आणि मागून मनकर्णाबाई ते बघायची.

थंडीचे दिवस होते. सकाळचं ऊन पडलं होतं, पाणी अगदी शांत होतं. नाव सुटायच्या आधी मनकर्णाबाई पुढे गेली आणि तिनं त्याच्या दंडाची गाठ सोडली.

"काय करून राह्यली व?"

"आजचा दिवस राहू द्या. खांद्याले आराम पडंल. दोनच जाळे त सोडाचे हायेत."

"अन् अडकलं त?"

"अडकलं त उठून पुढं येईन. तुमी आपले बोलत राहा, मी आयकतो."

ती मागे येऊन बसली. इंजिन सुरू झालं. पहिलं जाळं नीट गेलं. दुसरं अर्धं गेलं असेल, तेवढ्यात दगडाच्या दोराचा एक वेढा तिच्या घोट्यावर पडला. तिला तो दिसला. ती वाकली, पण पाण्यात गेलेले दगड खाली ओढत होते आणि नाव पुढे ओढत होती. वेढा आवळला. ती ओरडली. मी हातभर अंतरावर होतो, मला ऐकू आलं. इंजिनापलीकडे ते गेलं नाही.

मग तिचा हात फळीखाली आला आणि तिनं मला धरायला पाहिलं. पकड बसली नाही. तिचा तळहात माझ्यावर आपटला. दोनदा. सवयीनं असेल, घाबरून असेल, मला ठाऊक नाही. इतकी वर्षं मी ती थाप पोचवली होती. त्या सकाळी माझ्या दुसऱ्या टोकाला कुणाची काख नव्हती. थाप माझ्यातच राहिली आणि दोरानं तिला पाण्यात ओढून नेलं.

इंद्रभानची पाठ मला दिसत होती. तो काहीतरी बोलत होता. मधेच मान हलवत होता, हसतही होता. शब्द मला कळत नव्हते. बऱ्याच वेळानं त्यानं मागे वळून बघितलं.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, माझ्याच्यानं जास्त होत नाही. त्यानं नाव फिरवली, जाळ्याचा दोर धरला आणि हातानं ओढत ओढत तो तिच्यापर्यंत पोचला. तो खांदा त्या दिवशी कसा चालला, देव जाणे.

मनकर्णाबाईची तेरवी झाल्यावर माणिकराव किनाऱ्यावर त्याच्याजवळ येऊन बसले. "चाक काढून टाकतो मी, इंद्रभान. चाकानंच घात केला. माह्यंच चुकलं."

"चाकाले काऊन दोष देता, भाऊ?" इंद्रभान म्हणाला. "मी बोलून राह्यलो होतो ना तिच्याशी. तिचं बोलनं आयकू येतच नव्हतं कधी. ती हाव म्हनत असंल, असं धरूनच मी बोलत जाओ. त्या दिवशीबी बोलत गेलो. तुम्हाले सांगू काय बोललो?"

माणिकराव त्याच्याकडे सरकले.

"म्हनलं, मनकर्णे, तुह्यं आयकलं ते लई बरं झालं. आज खांदा बिलकुल दुखून नाही राह्यला. अन् ती मागं नव्हतीच, भाऊ. मी कोनाले सांगत होतो?"

माणिकरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी विचारलं, सोसायटीच्या पुढच्या नावांना काय लावायचं, दांडा की चाक.

"काईबी लावा. फक्त चालवनाऱ्याचं तोंड मानसाकडं ठेवा."

त्यानंतर इंद्रभान पाण्यावर गेला नाही. मला त्यानं सोसायटीत आणून दिलं. तो वाटेनं एकटा चालतानासुद्धा मधेच थांबतो, मागे वळून बघतो आणि मग पुढे जातो. खोलीच्या फटीतून मला तो दिसतो.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला वळता येत नाही. तुम्हाला येतं. आपलं माणूस मागून गप्प असेल, तर त्यानं हाव म्हटलं असं धरू नका. वळा आणि बघा.