पाणी तोडलेला बेड

निळा कॉक, अंगठ्याएवढा, प्लॅस्टिकचा, दहिवरानं गार पडलेला... दांडी नळीला आडवी, म्हणजे बंद, बराबर बंद, सोमेश्वरनं हात लावून बघितलं, परत बघितलं, तरी ठिबकच्या नळीच्या भोकापाशी माती अजून काळीच, ओली, परवा सोडलेल्या पाण्याची — त्यानं चपलेनं कोरडी माती वर ओढली, मग वाटलं जास्त झाली, मग थोडी परत सारली. ती येईल आता. शनिवार आहे. आखाडा बाळापूरला एसटीतून उतरून, तिथंच बर्फ घेऊन, काळीपिवळी जीपमध्ये कुणाच्या तरी पिशव्यांत अवघडून राजनंदिनी येईल, थर्माकोलचा डबा लेकरासारखा मांडीवर धरून, आणि आल्याआल्या हळदीच्या ह्या कडेच्या बेडाकडं, गादीवाफ्याकडं बघेल, मग त्याच्याकडं. तेवढ्या एका बघण्यासाठी माणूस आठवडाभर हळदीत फिरून राहिला, हे कुणी सांगितलं असतं तर मीच हसलो असतो.

कॉलेजात हिंगोलीला ती पुढच्या बाकावर, तो मागच्या. बी.एस्सी. झाली, तो डोंगरकड्याजवळच्या ह्या रानात परत आला, ती परभणीला एम.एस्सी.ला गेली, संपलंच होतं की सगळं — आणि दिवाळीच्या तोंडावर फोन, सोमेश, तुझ्या हळदीतला एक बेड देशील का, त्याचं पाणी तोडायचंय, पानं वाळताना बघायचीत. देतो म्हणाला. तिनं सगळं रान मागितलं असतं तरी म्हणाला असता.

पहिल्या शनिवारी बांधावर बसून तिनं हातवारे करत सांगितलं होतं, आणि तो निम्मं ऐकत होता, निम्मं तिची बोटं बघत होता... पानातल्या एकेका पेशीत म्हणे पाण्याची मोठी पिशवी असते, आणि प्रथिनं तोडणारं एन्झाइम पेशी आधीच बनवून ठेवते, पण मोकळं सोडत नाही, बारक्या बारक्या पुड्यांत, तोंडाला झाकण लावून.

"झाकण काहून?" त्यानं विचारलं.

"मोकळं सुटलं तर घरच्यांनाच खाईल ना, येड्या. पाणी तुटलं, जिवावर बेतलं, की पुड्या त्या मोठ्या पिशवीत जाऊन मिसळतात, तिथलं आंबट पाणी लागलं की झाकण गळतं. मग जुनं जुनं तोडायचं, अन् जे निघेल ते खाली कंदाला पाठवायचं. पान मरतं, पण रिकाम्या हातानं न्हाई मरत."

"म्हंजे किती दिवस लागतेत?"

"पान पिवळं पडलं की माझं काम संपलं."

संपलं, असं ती हसत म्हणाली. आणि बाकीचं सगळं विसरून तो एक शब्द त्याच्या कानात राहिला, रात्रंदिवस, मोटारीच्या आवाजात, जेवताना... आणि एका संध्याकाळी पानांच्या कडा वळायला लागलेल्या दिसल्या आणि हात आपोआप कॉकवर गेला. थोडंच. पेलाभर म्हणावं एवढं. पान एक आठवडा मागं थांबावं, बस. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा एक पेला. हळदीला पाणी पाजणं हे पाप आहे का? आमच्यात तर तहानलेल्या रोपाला बघून न थांबणाऱ्याला माणूस म्हणत नाहीत.

जीपचा हॉर्न वाजला. आई, पार्वतीबाई, गोठ्यातूनच ओरडली, "ये गं बाई, आनलास का बर्फ आमच्या हळदीला?"

"आणला मावशी. तुमी काहून हसून राहिल्या?"

"हसू न्हाई तर काय करू. लोकं पाणी तुटलं तर रडतेत, तू वाळवायला आलीस, अन् तुझा बेड काई वाळंना. ह्या सोमूचा घाम पिऊन राहिला का काय?"

"आई, चहा टाक," सोमेश्वर म्हणाला.

"टाकते. केस इचरून बसलंय पोरगं सकाळधरनं, आता चहा आठवला."

एरवी राजनंदिनी ह्यावर तोंड दाबून हसली असती. आज नाही. तिनं बसकण मारली, पान दोन बोटांत धरलं, उजेडाकडं केलं, कापलं, चांदीच्या कागदात गुंडाळून बर्फात खुपसलं, आणि बेडाकडं बघितलं खरं, पण त्याच्याकडं बघायची राहिलीच. त्यानं वाट बघितली. चहाही तिनं निम्मा ठेवला.

परत जाताना दोघं सडकेवर जीपची वाट बघत थांबले तेव्हा ती म्हणाली, "सर म्हणले, आकडे खालीवर होऊन राहिलेत. एका शनिवारी एन्झाइम जागं झालेलं, पुढच्या शनिवारी परत निजलेलं. असं होत नसतंय. पानं कापायला चुकत असशील, म्हणले, न्हाई तर बर्फ इतळू देत असशील."

"रागावले?"

"न्हाई ना. रागावले असते तर बरं झालं असतं." ती नख खात होती, जुनी सवय, परीक्षेच्या आधीची. "मी जीपमध्ये डबा उघडत बी न्हाई रे. तहान लागली तरी बर्फाला हात लावत न्हाई. तरी माझंच कायतरी चुकतंय."

"मग आता?"

"हे साल गेलं. पुढच्या हंगामात परत लाव म्हणले, न्हाई तर सोपा विषय घे."

पुढचा हंगाम — आणि त्याच्या छातीत काहीतरी उडी मारून उठलं, त्याला आवरेना, उन्हाळ्यातली लावण, पोळा, दसरा, मग परत शनिवार, परत शनिवार, सबंध एक साल ती येणार, आणि त्यासाठी काही करायचंच नाही, नुसतं तोंड बंद ठेवायचं...

"देशील ना बेड?"

"देईन."

"तू होतास म्हणून निभलं बघ," ती म्हणाली, आणि आता, आता कुठं, तिनं त्याच्याकडं बघितलं, सरळ, थकलेल्या डोळ्यांनी. "दुसऱ्या कुणी कवाच पाणी सोडलं असतं. कंद भरत आलेली हळद कोण वाळू देतं परक्यासाठी."

परक्यासाठी. त्यानं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, तीन शब्दांचं, पाणी मी सोडलं, इतकं सोपं की आईलासुद्धा सांगता आलं असतं — पण जीप आली, ती चढली, कुणीतरी सरकलं, दार दोनदा आपटून लागलं.

आठवडाभर ज्या बघण्याची आस धरली होती ते बघणं मिळालं होतं आणि ते अंगावर कुठं ठेवावं ते कळेना. ती गेली म्हणून चुकल्याचुकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं, दर वेळी वाटतं तसं, सडक रिकामी झाल्यासारखं. तर तसं नाही. चुकल्यासारखं वाटत होतं ते ती इथं हातभर अंतरावर उभी होती तेव्हापासूनच.

पुढं वळणावर जीप परत थांबली. एका म्हातारीचं गाठोडं टपावर चढवणं चाललं होतं, दोरी सापडत नव्हती, ड्रायव्हर खाली उतरून काहीतरी बोलून राहिला होता. पळालं तर गाठता आली असती. मागच्या काचेतून राजनंदिनीची ओढणी दिसत होती. तो पाय न उचलता बघत राहिला, आणि कळलं की मी मनातल्या मनात त्या म्हातारीला घाई करून राहिलो होतो — चढ ना आजी, चढ लवकर, निघू दे तिला.