तीन महिन्यांनी मोठी

माझ्या मेहुण्याने परदेशातून आम्हाला कायमचं तिकडे नेण्यासाठी अर्ज भरला त्याला चौदा वर्षं झाली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात एकही वस्तू दुरुस्त झाली नाही. न्हाणीघराचा नळ गळायला लागला तेव्हा बायको म्हणाली, "आता जायचंच आहे, कशाला उगीच?" नळाखाली बादली ठेवली. बादली गळायला लागल्यावर तिच्याखाली परात ठेवली. पलंगाचा एक पाय गेला, तिथे दोन विटा आल्या. भिंतींचे पोपडे पडत राहिले, आम्ही झाडत राहिलो. ओळखीचे लोक विचारायचे, "काय मग, केव्हा निघताय?" सुरुवातीला कौतुकाने, मग चौकशी म्हणून, आणि शेवटची पाच-सहा वर्षं करमणूक म्हणून.

या दुरुस्त्यांबरोबर आमची मुलगीही राहून गेली. एका जागी बसत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. बारावीनंतर तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. "पाच वर्षांचा कोर्स?" आम्ही दोघं एकदम ओरडलो. "आणि मध्येच बोलावणं आलं तर?" मग तिने तीन-तीन महिन्यांचे कोर्स केले. टायपिंग झालं, प्रथमोपचार झाले, केक झाले. तिच्याकडे आठ प्रमाणपत्रं आहेत आणि त्यांतल्या एकाही विषयात तिला रस नाही. सध्या ती जनावरांच्या एका दवाखान्यात कामाला जाते. डॉक्टर सुई टोचतात तेव्हा कुत्र्याचं तोंड धरून ठेवायचं, हे तिचं काम.

बोलावणं आलं ते एप्रिलअखेरच्या एका मंगळवारी, ईमेलने. मुलाखत सत्तावीस जूनला. बायकोने आधी भावाला फोन लावून रडून घेतलं, मग शेजारणीला फोन लावून हसून घेतलं. भिंगरी मात्र खालची बारीक अक्षरं वाचत बसली होती.

"बाबा, इथे लिहिलंय, मुलाखतीच्या दिवशी मुलांना एकवीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. झाली असतील तर ती आईवडिलांच्या अर्जातून बाद."

"मग तुला कुठे होतायत?" बायको म्हणाली. "तुझा वाढदिवस नऊ ऑगस्टला."

"तो घरचा, आई. सरकारी नऊ मेला असतो."

इथे मला खुलासा करणं भाग आहे. शाळेत नाव घालायला एक जूनला सहा वर्षं पूर्ण लागायची. भिंगरीला सव्वादोन महिने कमी पडत होते. हेडक्लार्क म्हणाले, "एवढ्यासाठी पोरीचं वर्ष घालवता? ऑगस्टचा मे करू?" मी म्हटलं, "करा." त्या काळी निम्म्या वर्गाचे वाढदिवस असेच सोयीने व्हायचे. जन्माची नोंद करायची आमच्याकडून राहूनच गेली होती. ती पुढे शाळेच्या दाखल्यावरून झाली, पासपोर्ट त्या नोंदीवरून झाला आणि मेहुण्याचा अर्ज पासपोर्टवरून. मी वजनमापे निरीक्षक आहे. किलोमागे दहा ग्रॅम मारणाऱ्या दुकानदाराचा काटा मी जप्त करतो. पोटच्या पोरीच्या वयात तीन महिन्यांची भर घालायला मात्र मला एकच शब्द पुरला होता.

"म्हणजे मुलाखतीला मी कागदावर एकवीस वर्षं सात आठवड्यांची," भिंगरी म्हणाली.

"तुझं वर्ष वाचवलं होतं मी," मी पुटपुटलो.

"कशासाठी, ते अजून कळलं नाही."

दुसऱ्या दिवशी बायको आणि मी व्हिसाच्या सल्लागाराकडे गेलो. त्याच्या ऑफिसात भिंतभर विमानाचं चित्र आहे. चौदा वर्षं तो आमची फाईल सांभाळतोय. या काळात त्याचे केस गेले आणि दोन शाखा वाढल्या.

"मुलीची खरी तारीख ऑगस्टची आहे," मी म्हटलं.

"असेल. कागद मेचा आहे."

"कागद खोटा आहे."

त्याने उठून दार लावून घेतलं. "साहेब, हे वाक्य परत कुठे बोलू नका. चौदा वर्षं जुना कागद म्हणजे खरा कागद. आता ऐन मुलाखतीच्या तोंडावर मुलीचं वय घटलं, तर बनाव म्हणून तिघांनाही घरी बसवतील. कायमचं. मुकाट्याने मे म्हणा. तुम्ही दोघं जा, नंतर तिकडून तिला बोलवा."

"किती दिवस लागतील?"

"आठ-नऊ वर्षं. फार तर दहा."

बायको इतका वेळ विमानाकडे बघत होती. ती एकदम म्हणाली, "अहो, पण बाळंत मी झालेय ना? मला विचारा की तारीख!"

"वहिनी, तुमचं म्हणणं पुरावा धरत नाहीत," सल्लागार हळुवारपणे म्हणाला. "तुम्ही पडलात नात्यातल्या."

त्यानंतर मला घरात बसवेना आणि बाहेर फिरवेना. ऑफिसातून येताना मी हातकाटा घेऊन आलो. रोज संध्याकाळी बॅगा भरायचो, काट्याला लावून वजन करायचो, विमानात चालतात ते तेवीस किलो भरले की पुन्हा सगळं बाहेर काढायचो. बायको म्हणायची, "अहो, कपड्यांना चक्कर आली." एका रविवारी मी बॅग अर्धवट टाकली आणि भिंगरीचा जन्म झालेल्या सूतिकागृहात गेलो.

खाली आता व्यायामशाळा झाली आहे. वर डॉक्टरीणबाई राहतात. वय ब्याऐंशी, ऐकू कमी येतं, आठवतं जास्त. त्यांनी कपाटातून बाळंतपणांची जुनी वही काढली, बोट फिरवत नेलं आणि थांबवलं. नऊ ऑगस्ट, पहाटे चार वाजून दहा मिनिटं, मुलगी, दोन किलो सहाशे.

"तुम्ही ते काटेवाले ना?" त्या म्हणाल्या. "बायको आत कण्हत होती आणि तुम्ही माझा काटा वीस ग्रॅम जास्त दाखवतो म्हणून हुज्जत घालत होतात."

"चूक झाली माझी."

"काय?"

"चूक झाली!" मी ओरडलो.

त्यांनी स्वतःच्या अक्षरात दाखला लिहून दिला. "कशाला हवाय हा?"

"मुलीला बरोबर न्यायचंय!"

"तिला यायचंय?"

"हो!" मी ओरडून सांगितलं. ओरडून सांगितलेली गोष्ट आपल्यालाही खरी वाटते.

घरी आलो तर न्हाणीघरात एक माणूस पाना घेऊन बसला होता. भिंगरीने नळ बदलायला घेतला होता.

"आता? जायच्या तोंडावर?" बायकोने विचारलं.

"तुम्ही जाणार. मी इथेच आहे ना?"

मी दाखला पुढे केला. तिने तो वाचला, घडी घातली आणि परत माझ्या खिशात ठेवला. "छान अक्षर आहे. पण हा बाहेर काढायचा नाही, बाबा. सल्लागारकाका सांगतात तेच करायचं. तिघांनी मे म्हणायचं. तुम्ही चौदा वर्षं थांबलात, माझ्यापायी ते पाण्यात नको."

एवढं बोलून ती नळवाल्याला पाणी द्यायला गेली. पोरगी किती समजूतदार निघाली, या विचाराने बायको तीन दिवस रडली. मला झोप लागेनाशी झाली.

सत्तावीस जूनला सकाळी आठला आम्ही मुलाखतीच्या हॉलमध्ये होतो. तिथल्या खुर्च्या जमिनीला बोल्टने ठोकलेल्या होत्या. लोकांनी त्याही तिकडे नेऊ नयेत म्हणून असेल. प्रत्येकाची विचारपूस वेगळी होती. आधी भिंगरीला बोलावलं. दोन मिनिटांत ती परत आली.

"काय विचारलं?"

"जन्मतारीख. मे सांगितली, सही केली. जा आता, तुमचा नंबर लागलाय."

खिडकीच्या काचेमागे एक तरुण अधिकारी बाई होती. आपली भाषा ती पाठ्यपुस्तकातून शिकली असावी.

"कृपया उजवा हात वर करा. अर्जातील सर्व माहिती सत्य आहे काय?"

मी हात वर केला. हो म्हणायचं होतं. घरी आरशासमोर मी ते इतक्या वेळा म्हटलं होतं की आरसासुद्धा हो म्हणाला असता. पण हात वर धरून उभं राहिलं की माणसाला आपण झेंड्याच्या काठीसारखे सरळ झाल्याचा भास होतो.

"एक सोडून," मी म्हणालो, आणि खिशातला दाखला काचेखालच्या फटीतून आत सरकवला.

मग शाळा, हेडक्लार्क, एक जून, सगळं सांगून टाकलं. तिने ते ऐकून घेतलं, दाखला वाचला आणि माईकवरून आमच्या तिघांचं टोकन पुकारलं. बायको आणि भिंगरी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. भिंगरीने काचेपलीकडचा दाखला पाहिला आणि डोळे मिटून घेतले.

"कन्या म्हणते मे," अधिकारी बाई म्हणाली. "पिता म्हणतात ऑगस्ट. आपण काय म्हणता?"

बायकोने आमच्यापैकी कुणाकडेही पाहिलं नाही. "ऑगस्ट," ती म्हणाली. "मी तिथे होते."

अधिकारी बाई बराच वेळ टाइप करत राहिली. मी या पायावरून त्या पायावर होत होतो. शेवटी ती बायकोला म्हणाली, "मुख्य अर्जदार आपण आहात, म्हणून आपणांस विचारते. कन्येचे नाव वगळल्यास आपणां दोघांस आज व्हिसा देता येईल. अथवा तिघांची फाईल एकत्र ठेवून तारखेची चौकशी करता येईल. त्यास किती काळ लागेल हे सांगता येत नाही."

"वगळा," भिंगरी म्हणाली.

"एकत्र ठेवा," बायको म्हणाली.

"किती काळ लागेल हे सांगता येत नाही," अधिकारी बाईने पुन्हा बजावलं.

"सवय आहे आम्हाला," बायको म्हणाली.

फटीतून चौकशीच्या नोंदीची एक पिवळी चिठ्ठी बाहेर आली.

फाटकाबाहेर लोखंडी बाक होता. मी बसलो, उठलो, पुन्हा बसलो. छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण ताणलं होतं. आयुष्यात एकदा खरं बोललो होतो आणि पोरगी वाचली होती. बायको भिंगरीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "वेडाबाई, तुला सोडून गेलो असतो का आम्ही?"

"दोन महिने तेच ठरलं होतं ना?" भिंगरी म्हणाली.

"ते तू आमच्यासाठी म्हणत होतीस."

"मी माझ्यासाठी म्हणत होते, आई."

बायकोचा हात पाठीवरच थांबला.

"नऊ मेला मी सुटले होते," भिंगरी म्हणाली. ती ओरडत नव्हती, त्यामुळे जास्त ऐकू येत होतं. "सहा वर्षांची होते तेव्हापासून मी निघालेली आहे. मैत्रिणी म्हणायच्या, तू काय, जाणारच. सर म्हणायचे, तू काय, जाणारच. पहिल्यांदाच असं झालं की मला कुठेच जायचं नव्हतं. पशुवैद्यकीयचा फॉर्म भरलाय मी. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शिफारसपत्र दिलंय. तुम्हाला काय वाटलं, नळ मी पाहुण्यांसाठी बदलला?"

"मग आत नीट बोलायचंस की!" मी म्हटलं.

"बाबा, तुम्ही हात वर करून खरं बोलून बसला होतात. त्याच्यावर काय बोलणार? आणि बोलले की एक शब्द. आईने ऐकला?"

बायको म्हणाली, "मला वाटलं, तू त्याग करतेयस."

"तेच. माझ्या प्रत्येक गोष्टीचं तुम्हाला काहीतरी वाटतंच. विचारत कोणी नाही."

बायकोने पर्स उघडली, पिवळी चिठ्ठी काढली आणि भिंगरीला दिली. रागाने दिली की कशी, ते मला अजून सांगता येत नाही.

भिंगरी फाटकाशी गेली आणि सुरक्षारक्षकाला विचारलं, "अर्जातून नाव काढायचं असेल तर कुठे जायचं?"

"कुणाचं?"

"माझं स्वतःचं."

त्याने चिठ्ठी उलटसुलट पाहिली. "तीन नंबर खिडकी. तिथे रांग नसते."

ती आत गेली. बायको म्हणाली, "अहो, थांबवा ना तिला." मी फाटकापर्यंत गेलो. रक्षकाने टोकन मागितलं. माझं टोकन संपलेलं होतं. मी बाकाशी परत आलो, तिथे बसवेना म्हणून पुन्हा फाटकाशी गेलो.

"किती वेळ लागतो हो याला?" मी विचारलं.

"नाव काढायला? दोन मिनिटं," तो म्हणाला. "घालायलाच काय तो वेळ."

बायको येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. काचेवर ऊन होतं, आतलं काही दिसत नव्हतं. मी घड्याळ पाहिलं. ती आत गेल्याला चार मिनिटं झाली होती.