अळणी दृष्ट

आवडाबाई तोंडाची भारी फटकळ. बाळकुमच्या मिठागरावर मुकादम परशुरामसुद्धा तिच्या जिभेला वचकून असे. नवरा गोपीनाथ कधीच देवाघरी गेलेला, एकुलती लेक गोदा ठाकुर्लीला दिलेली. घरात भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून बाई सगळ्या आगराशी भांडायची. आणि अशा बाईच्या पदरात देवानं काय टाकावं? तर आभाळातून पडलेलं पोर!

शेजारच्या पडीक आगरात भूत आहे म्हणून माणूसकाणूस तिकडं फिरकत नसे. आवडाबाई खाडीकाठच्या तिवरांच्या झुडपांचं सरपण तोडायला गेली, तर चिखलात नाक खुपसून मचव्यासारखं काहीतरी पडलेलं, आणि बाजूला हा. दहा वर्षांच्या मुलाएवढा, अंग सोललेल्या ताडगोळ्यासारखं, उन्हानं भाजून कण्हत होता. तिनं आधी दणकून शिव्या घातल्या, कारण शिव्यांनी भूत पळतं. हा पळाला नाही. उलट तीच शिवी तस्सीच्या तशी तिला परत दिली. म्हणजे भूत नव्हे, अशी तिची खात्री पटली. पदरात गुंडाळून तिनं त्याला आगराच्या टोकाला असलेल्या आपल्या खोपटात आणला आणि नाव ठेवलं पोपट.

पेजेचा पहिला घोट घेतला आणि पोपट किंचाळला. ओठांवर टरारून फोड आले. पेजेत मीठ होतं ना! तेव्हापासून, आता गंमत बघा, जिच्या घराच्या चारी अंगांना मिठाच्या राशी, ती बाई अळणी रांधू लागली. कोणासाठी, तर कुठल्या कोण परक्यासाठी. पण चुलीपुढं बसून "आये, भात वाढ" म्हणणारं कोणी असलं की बाईला भाताची चव लागते, हे मात्र खरं.

सगळी थंडी तो आपला मचवा दुरुस्त करत होता. वरून सगळं पांढरंशुभ्र दिसलं म्हणून तो फसला होता. त्याच्या मुलखातली जमीनही तशीच पांढरी, पण गोडी. इथं उतरला तो खाऱ्यात. मचव्याच्या पोटात एक चूल होती. तिला ना लाकूड ना जाळ, नुसती निळी धग. तिच्यात मिठाचा कण गेला तर चूल कायमची फुटेल, असं त्यानंच तिला सांगितलं. ती विहिरीचं गोडं पाणी हंड्यांनी वाही, तो आतून धुऊन काढी. आत पाऊल टाकायच्या आधी तिला हातपाय धुवावे लागत आणि वर तो म्हणे, "आये, हात दाखव."

"बामनाचं सोवलं परवडलं रे बाबा!" आवडाबाई करवादे, पण हात दाखवी.

रोज तिन्हीसांजेला तो त्या चुलीशी जाऊन शेकत बसे. अगदी उकाड्यातसुद्धा. "बालंतीन हायस का तू? शेक कसला घेतोस?" ती हसायची. तोही हसायचा, का ते न कळता.

एकदा त्याला ताप भरला, तेव्हा तिनं मोहरी आणि मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मीठ गाळलं, त्याला सोसत नाही म्हणून. ताप उतरला. मग काय, पोपटाचा दृष्टीवर असा विश्वास बसला की जन्मानं आगरी असलेल्या पोराचाही बसणार नाही.

शिमग्याच्या सुमारास तो नाचतच आला. "आये, चूल पुरी पेटली! मी आता जानार. मंग माज्या मानसांना घेऊन येनार!"

आवडाबाईनं हातातला घास ताटात टाकला. तरी पाहुणे म्हटल्यावर बाईमाणसाला आधी तांदूळ आठवतात. "किती जनां?" तिनं विचारलं.

त्यानं दाराबाहेरच्या मिठाच्या राशीकडं बोट दाखवलं. "तिच्यात दानं किती, तेवढी."

"अगं बया! आनि रातील कुठं?"

"इथंच. ह्यो सगला मुलूख आमाला लागेल. गोडं पानी लागेल."

"मंग आमी?"

तो अडखळला. शब्द शोधू लागला आणि तिच्याच कामातला त्याला सापडला. "तू मिठाच्या कुंडीवरची मली काढून फेकून देतेस ना, तशी." त्याच्या तोंडावर पापाचा लवलेश नव्हता. "पन तुला नाय हां, आये! आमचा नेम हाय. ज्यानं जीव वाचवला, त्या एकाला राखायचा."

"आनि गोदा? माजी पोर? तिला सातवा लागलाय रे."

पोपटानं एकच बोट वर केलं. तो खोटं कधी बोलत नसे. "नेम एकाचाच हाय, आये."

तिनं त्याला शिव्या दिल्या, हातापाया पडली. म्हणाली, "जाऊ नको ना रे. इथं काय कमी हाय तुला?" तो तिच्या गुडघ्याला टेकून बसला. "तिकडं पानी संपलंय. माजी तिकडची आये तहानलेली हाय. वाट बघते." ज्याची आई तहानलेली, त्याला जाऊ नको कोणत्या तोंडानं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी तिनं परशुरामाला गाठून सगळं सांगितलं. तो पोट धरधरून हसला. "आवडे, ताडी जास्त झाली का उन्हाचा तडाखा बसला? चार दिवस लेकीकडं जाऊन ये." तिनं हट्ट धरला असता तर चार गडी कोयते घेऊन आलेही असते. पण कोयत्यानं मारायचं? पोपटाला? ते तिला सोसवणारं नव्हतं, म्हणून ती गप्प बसली. आणि मग तिच्या मनात आलं, की त्याला कशाला मारायचं? चूल फुटली की झालं. मचवा उडणार नाही, कोणी येणार नाही, पोपट इथंच राहील, अळणी भात खाईल आणि आपली बोलणी ऐकत म्हातारा होईल. बिचारी! या विचारानं तिला त्या रात्री चक्क झोप लागली.

निघायचा दिवस आला. तिन्हीसांजेला मचव्याच्या तोंडाशी तिनं हातपाय धुतले. त्यानं हात बघितले, स्वच्छ होते. मग ती म्हणाली, "जानाऱ्या पोराची दृष्ट काढल्याबिगर आई सोडत नसते. थांब, मोहरी-मिरच्या आनते." ती बाहेर ठेवलेल्या टोपलीकडं गेली आणि मूठ भरून आली. या खेपेला हात दाखव असं तो म्हणाला नाही. दृष्ट काढताना मूठ उघडायची नसते, हे तिनंच त्याला शिकवलं होतं.

तो शहाण्यासारखा समोर बसला, डोळे मिटून. तिनं मूठ त्याच्या डोक्यावरून पायापर्यंत ओवाळली. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, भुताखेताची..." सगळ्यात शेवटी आईची दृष्ट म्हणायची असते, ती सगळ्यात वाईट. "आईची," असं ती म्हणाली.

"चुलीत टाकायचं ना, आये?" म्हणत त्यानं स्वतःच्या हातानं चुलीचं तोंड उघडलं.

तिनं मूठ सोडली.

मीठ तडतडलं. असं तडतडलं, की बाहेर तिवरांवरचे बगळे उडाले. दृष्ट मोठी असली की मीठ मोठ्यानं तडतडतं, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पोपटाला वाटलं, मोहरीच तडतडली. टाळ्या पिटत तो ओरडला, "बघ आये, केवढी लागलेली!"

मग निळी धग पिवळी झाली, मचवा एकदा थरथरला आणि चूल फुटली.

कितीतरी वेळ तो त्या काळ्या राखेत हात घालून बसला होता. त्याला तिचा संशय आला नाही, क्षणभरसुद्धा नाही. आपणच कुठंतरी खारट पायानं आलो असू, असं तो म्हणत राहिला. तिनं त्याला उचलून घरी आणला, भात भरवला. तो दोन घास खाऊन थांबला आणि कुडकुडायला लागला. चैत्राच्या उकाड्यात कुडकुडत होतं पोर! तेव्हा आवडाबाईच्या डोक्यात उजेड पडला. तो रोज शेकायला जायचा तो हौसेनं नव्हे. त्या धगीवरच तो जगत होता.

तिनं गोवऱ्या पेटवल्या, शेगडी भरली, त्याला पोटाशी घेऊन शेकत बसली. लाकडाची ऊब त्याच्या अंगी लागेना. दिवसेंदिवस तो वाळत गेला. रोज सांजेला म्हणायचा, "आये, अजून एकदा दृष्ट काढ, चूल पेटेल." ती काढायची. मोहरी, मिरच्या, नुसत्याच. खरं सांगायला तिनं कितीदा तोंड उघडलं, पण ज्या बाईचं तोंड जन्मात कधी बंद झालं नव्हतं, तिला ते एक वाक्य जमलं नाही.

शेवटच्या सांजेला तिचे डोळे वाहत होते. त्यानं तिच्या गालाला हात लावला. तिच्या आसवाच्या खारानं त्याच्या बोटाला फोड आला, तरी हात काढला नाही. "दृष्ट लय मोठी होती, आये. तुज्याच्यानं निघाली नाय. तुजी काय चूक? रडू नको." आणि मग तो गेला.

खाऱ्या मातीत त्याला कसा पुरणार? बाई त्याला विहिरीपलीकडच्या गोड्या जमिनीत घेऊन गेली, डोक्यावर हंडा घेऊन, आणि वरून पाणी घातलं. ज्याची आई तहानली आहे त्याला निदान पाणी तरी मिळो, म्हणून.

ज्येष्ठात गोदा बाळंतीण झाली. मुलगा गोरागोमटा, गुटगुटीत. बाराव्याला बायका जमल्या, बाळाचं कौतुक झालं आणि सांजेला ते किरकिरू लागलं. गोदा म्हणाली, "आये, दृष्ट काढ गं." आवडाबाईनं मोहरी घेतली, मिरच्या घेतल्या आणि बाळावरून मूठ ओवाळायला लागली.

"अगं, मीठ कुठंय?" गोदा हसली. "मिठागरवाली आनि दृष्टीला मीठ नाय?"

"माज्या हातानं नको," आवडाबाई म्हणाली. "तू घाल."